आधी यंत्राची परीक्षा, मग मुलांच्या डोळ्यांची



दहावीच्या विज्ञानातला ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. त्यात मानवी डोळा येतो, निकटदृष्टिता-दूरदृष्टिता येते आणि शेवटाकडे दृष्टिसातत्य येतं. वस्तू डोळ्यांसमोरून हलवली तरी तिची प्रतिमा दृष्टिपटलावर १/१६ सेकंद टिकते, असं वाक्य आपण फळ्यावर लिहितो, मुलं वहीत उतरवतात आणि परीक्षेत तेच परत लिहितात.

एका वर्षी एका मुलाने विचारलं, “सर, हे १/१६ मोजलं कुणी? आणि आपल्याला मोजता येईल का?”

प्रश्न साधा आहे, पण त्याच्यामागे लागून मी जे शिकलो ते आज तुमच्यासमोर मांडायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. शाळेतल्या जुन्या संगणकावर मुलांकडून दृष्टीचे प्रयोग जरूर करून घ्या. पण त्यासाठी त्याच संगणकात एक वेगळी, स्वच्छ, फक्त प्रयोगांसाठीची प्रणाली बसवा. म्हणजेच ड्युअल बूट करा. तेवढी तसदी घ्यायची नसेल, तर त्या पडद्यावरून कुठल्याही मुलाबद्दल कसलाही निष्कर्ष काढू नका.

हे एवढं ठासून का सांगतोय, त्याला कारण आहे.

अठरा आणि नऊ

आमच्या नातेपुत्यातल्या शाळेत तेव्हा धड चालणारे दोनच संगणक होते. एक कार्यालयाचा आणि एक प्रयोगशाळेचा. दोन्ही एकाच वेळी घेतलेले, एकाच बनावटीचे. मी दोन्हींवर एक छोटा प्रयोग लावला. पडद्यावर कमळ, बदक, गवत असा एक बिनकान्यामात्रेचा शब्द ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग दिसणार आणि लगेच त्याच जागी फुल्यांची ओळ येणार. मुलाने काय वाचलं ते सांगायचं. असे वीस शब्द.

ही फुल्यांची ओळ महत्त्वाची आहे. ती नसेल तर शब्द पडद्यावरून गेला तरी त्याचा ठसा क्षणभर राहतो आणि मूल त्या ठशावरून वाचतं. फुल्या आल्या की तो ठसा पुसला जातो. दृष्टिसातत्य म्हणजे काय, हे मुलांना यातून न सांगता कळतं.

कार्यालयाच्या संगणकावर एका मुलाला वीसपैकी अठरा आले. प्रयोगशाळेच्या संगणकावर एका मुलीला नऊ. मी आकडे फळ्यावर लिहिले आणि तास संपवला. ती माझी पहिली चूक.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई शाळेत आली. रानातनं तशीच आली होती. म्हणाली, “सर, पोरगीला दिसत न्हाय म्हणत्यात पोरं. चष्मा लागलाय का तिला? का डोक्यानंच कमी हाय?”

मला काय बोलावं सुचेना. त्यांना मी थांबवून घेतलं आणि मुलीला कार्यालयाच्या संगणकावर बसवलं, मुलाला प्रयोगशाळेच्या. शब्द नवे, बाकी सगळं तेच. मुलीला आले सतरा. मुलाला दहा.

म्हणजे मुलं तीच होती. बदलला होता तो फक्त संगणक.

प्रयोगाच्या नोंदी उघडून पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. कार्यालयाच्या संगणकावर शब्द ५० मिलिसेकंदांऐवजी कधी ६७, कधी ८३ मिलिसेकंद दिसत होता. त्यात अँटिव्हायरस चालू, कसलंतरी अपडेट मागे उतरत होतं, ब्राउझरच्या दहा खिडक्या उघड्या. संगणक दमला की शब्द पडद्यावर जास्त वेळ रेंगाळायचा आणि मुलाला वाचायला जास्त वेळ मिळायचा. प्रयोगशाळेच्या संगणकाला इंटरनेटच नव्हतं, त्यामुळे तो निमूटपणे बरोबर चालत होता. मुलगी बरोबर यंत्रावर बसली म्हणून ‘कच्ची’ ठरली आणि मुलगा बिघडलेल्या मापावर बसून ‘हुशार’ ठरला.

यात दोष कुठल्या कंपनीचा नाही, माझा आहे. काट्याखाली दगड अडकलाय का, हे न बघता मी वजन करायला बसलो होतो.

पडद्याची दिंडी

आपला साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा नवं चित्र दाखवतो. म्हणजे एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं. याच्या अधलंमधलं काही नसतं. तुम्ही म्हणालात, २० मिलिसेकंद दाखव, तर तो दाखवू शकत नाही. १६.७ दाखवेल, नाहीतर ३३.३. आपले ५० मिलिसेकंद म्हणजे बरोबर तीन चित्रं.

मुलांना हे समजवायला मी पालखीचा आधार घेतो. आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी धर्मपुरीवरून आमच्याकडे येते. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्या आपापल्या क्रमांकाने चालतात. एखादी दिंडी पाणी प्यायला थांबली, तर मागची पुढे घुसत नाही, तीही थांबते. पडद्यावरच्या चित्रांचं तसंच असतं. संगणकाला पुढचं चित्र वेळेत तयार करता आलं नाही, तर जुनंच चित्र आणखी एक पाळी उभं राहतं. बघणाऱ्याला वाटतं सगळं नीट चाललंय. पण ५० चे ६७ झालेले असतात.

गाणी ऐकायला, पत्र टाइप करायला, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला एवढ्याने काही बिघडत नाही. दृष्टीच्या प्रयोगात मात्र हाच फरक सगळा खेळ बिघडवतो, कारण माणूस शब्द ओळखतो की नाही हे तेवढ्याच फरकावर ठरत असतं.

म्हणून जगभरच्या दृष्टिविज्ञानाच्या प्रयोगशाळांत प्रयोगाचा संगणक वेगळा ठेवतात. सायकटूलबॉक्स हा तिथला जुना आणि नावाजलेला प्रयोगसंच आहे. त्याच्यावरचे डेव्हिड ब्रेनार्ड आणि डेनिस पेली यांचे मूळ लेख १९९७ सालचे. अचूक वेळ साधायची असेल तर लिनक्स वापरा, असं तो संच बनवणारेच सांगतात. विंडोजवर अचूक काम होतच नाही असं नाही, अनेक प्रयोगशाळा करतात. आमचाच प्रयोगशाळेचा संगणक विंडोजवर बरोबर चालत होता. मुद्दा प्रणालीच्या नावाचा नाही, प्रणाली मोकळी आहे की नाही याचा आहे. लिनक्सला पैसे पडत नाहीत, जुन्या संगणकावर ती चालते, आणि त्यात काय चालू ठेवायचं नि काय बंद, हे आपल्या हातात राहतं. म्हणून शाळेसाठी ती सोयीची.

मग विंडोज काढूनच का टाकू नये?

कारण तोच संगणक कार्यालयालाही लागतो. यू-डायसची माहिती, निकालपत्रकं, पगारपत्रकं, सवयीचे मराठी फॉण्ट, जुना प्रिंटर, हे सगळं लिपिकांच्या हाताला विंडोजवर बसलेलं आहे. ते मोडून विज्ञानाचा प्रयोग करू म्हटलं, तर मुख्याध्यापक दारातच उभे राहतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

दुसरा प्रश्न माहीतगार लोक विचारतात. विंडोजच्या आतच एका खिडकीत लिनक्स चालवता येतं, मग एवढा उपद्व्याप कशाला? त्याला आभासी यंत्र म्हणतात आणि शिकायला ते उत्तम आहे. पण आपल्या कामाला ते चालत नाही. तिथे प्रत्येक चित्र आधी आतल्या लिनक्सकडून बाहेरच्या विंडोजकडे आणि मग पडद्याकडे जातं. वेळेचा भरवसा राहत नाही. जो गोंधळ टाळायचा, तोच दुप्पट होतो.

म्हणून एकाच घरात दोन चुली. सकाळी संगणक सुरू करताना पडद्यावर यादी येते, त्यातून विंडोज निवडा नाहीतर लिनक्स. एका वेळी एकच चालते आणि तिला सगळं यंत्र मिळतं. यालाच ड्युअल बूट म्हणतात.

बसवताना काय सांभाळायचं

सगळ्या पायऱ्या इथे लिहीत बसत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि इतर मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात, ते जरूर पाहा. जिथे लोक ठेचकाळतात, आणि मीही ठेचकाळलो, तेवढंच सांगतो.

१. आधी लेखी परवानगी. संगणक डेडस्टॉक रजिस्टरवर असतो, आपल्या मालकीचा नसतो. कंत्राटातून किंवा योजनेतून आलेला असेल तर त्याच्या अटी वाचा. मुख्याध्यापकांची सही घेतल्याशिवाय हात लावू नका.

२. मग बॅकअप. सगळी कागदपत्रं बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. ‘कॉपी झालं’ आणि ‘उघडलं’ यात फरक आहे. डिस्कचे भाग पाडताना एक चुकीचं बटण दाबलं, तर दहा वर्षांच्या नोंदी जातात.

३. बिटलॉकर चालू आहे का बघा. काही संगणकांत डिस्क कुलूपबंद असते. त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर नंतर आपल्याच घराबाहेर आपण.

४. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना संगणक ‘बंद’ केला तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असतं, आणि त्या अवस्थेत लिनक्समधून त्याच्या फायलींत लिहायला गेलं तर त्या खराब होऊ शकतात.

५. जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा. ४० जीबी मिळाली तर पुष्कळ झालं. नंतर लिनक्स बसवताना ‘विंडोजच्या सोबत’ हा पर्याय घ्या. ‘सगळी डिस्क पुसून’ असाही एक पर्याय तिथेच शेजारी असतो. तो वाचून मग पुढे जा.

६. लाइट. आपल्याकडे हा मुद्दा सगळ्यात वर हवा होता. भाग पाडताना वीज गेली तर डिस्क हातची जाऊ शकते. यूपीएस चांगला असेल तरच सुरू करा आणि लाइट जायची वेळ टाळा.

७. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. लिनक्स मिंट किंवा झुबंटू पेनड्राइव्हवर घेऊन, डिस्कला न शिवता, संगणक सुरू करता येतो. पडदा, कळफलक, आवाज सगळं ओळखलं जातंय का ते तिथेच कळतं. जुन्या संगणकाला एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप बरा.

आता एक गंमत, जिचा आम्हाला चांगलाच त्रास झाला. दोन्ही प्रणाली बसवल्या, सगळं छान चाललं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला कार्यालयातल्या संगणकात पहाटेचे पाच वाजलेले. लिपिक म्हणाले, “सर, तुमच्या प्रयोगानं आम्हाला काकडआरतीला उठवलं.” घड्याळ लावलं की नीट व्हायचं, आणि लिनक्स वापरून परत आलं की पुन्हा साडेपाच तास मागे. सेल गेला असेल म्हणून आम्ही सेलही बदलला.

कारण वेगळंच होतं. संगणकाच्या आत एकच घड्याळ असतं. विंडोज त्यात स्थानिक वेळ आहे असं धरतं, लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ ठेवतं. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. दोन भाडेकरू, घड्याळ एक आणि वाचायची रीत दोन. लिनक्सला ‘आतल्या घड्याळात स्थानिक वेळच ठेव’ असं एकदा सांगितलं की भांडण मिटतं. नववीच्या मुलांना प्रमाणवेळ शिकवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

आता यंत्राची परीक्षा

लिनक्समध्ये मी सायकोपाय वापरतो. नॉटिंगहॅम विद्यापीठातले जोनाथन पीअर्स यांनी सुरू केलेला हा प्रयोगसंच फुकट आहे, आणि त्यात शब्द, चित्रं, वेळा चौकटी ओढून मांडता येतात. ज्यांना आकडेमोडीची भाषा जमते त्यांनी ऑक्टेव्हवर सायकटूलबॉक्स बसवावा. बसवायला एक दुपार जाते, इंटरनेट लागतं, आणि ग्राफिक्स फारच जुनं असेल तर दोन्ही कुरकुरतात, हेही सांगून ठेवतो.

प्रयोगाआधी एकही मूल न बसवता पाच मिनिटं रिकामा प्रयोग चालवा आणि प्रत्येक चित्राला किती वेळ लागला याची नोंद घ्या. सगळे आकडे १६.७ च्या आसपास आले तर यंत्र पास. मधे मधे ३३ दिसत असेल तर काय चालू राहिलंय ते शोधून बंद करा. डेस्कटॉपचे सावल्या-पारदर्शकतेचे नखरे बंद केले तरी पुष्कळ फरक पडतो.

यंत्राने स्वतःबद्दल दिलेल्या साक्षीवरही थांबू नका. मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेणारं स्लो मोशन असेल तर पडदा त्याने टिपा. पडद्याचं एक चित्र मोबाइलच्या चार चित्रांत दिसतं, म्हणजे आपला तीन चित्रांचा शब्द बारा चित्रांत दिसायला हवा. हे मोजायचं काम मुलांनाच द्या. आमच्या मुलांनी जुन्या आणि नव्या प्रणालीचे आकडे शेजारी शेजारी मांडले तेव्हा वर्गात जी शांतता झाली, ती मला पुष्कळ काही सांगून गेली. चूक मुलीची नव्हती, हे त्यांनी स्वतः मोजून काढलं होतं.

नंतर दोघांनाही तपासलेल्या संगणकावर बसवलं. दोघांचेही गुण दहा-अकराच्या घरात आले.

दोरी, पट्टी आणि अंधबिंदू

वेळेइतकंच अंतर महत्त्वाचं. मूल पडद्याकडे झुकलं की अक्षर मोठं होतं. त्यासाठी एक सोपा आकडा लक्षात ठेवा : ५७ सेंटिमीटर. एवढ्या अंतरावरून पडद्यावरचा १ सेंटिमीटर डोळ्याशी जवळजवळ १ अंशाचा कोन करतो. मॉनिटरला ५७ सेंटिमीटरची दोरी बांधा, तिचं टोक मुलाच्या डोळ्याशेजारी धरा. गणिताच्या तासाला हा आकडा का येतो ते काढायला सांगा, कोनमापनाची उजळणी होते.

याच अंतरावर अंधबिंदू सापडतो. पडद्याच्या डाव्या बाजूला एक फुली, तिच्या उजवीकडे साधारण १५ सेंटिमीटरवर एक ठिपका. डावा डोळा झाका, उजव्याने फुलीकडेच बघा. ठिपका नाहीसा होतो, कारण तिथे दृष्टिपटलावरून चेतातंतू बाहेर पडतो आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. ठिपका थोडा थोडा सरकवत मुलांनी आपापल्या अंधबिंदूचा नकाशा काढावा. पुस्तकात नसलेली, प्रत्येकाची स्वतःची आकृती मिळते.

यातून आणखी एक गोष्ट कळते. साडेअठरा इंची, १३६६ ठिपक्यांच्या रुंदीचा मॉनिटर घेतला तर त्याचा एक ठिपका साधारण ०.३ मिलिमीटरचा. ५७ सेंटिमीटरवरून तो जवळपास १.८ कलांचा कोन करतो (६० कला म्हणजे १ अंश). डॉक्टरांच्या तक्त्यावरची ६/६ ची ओळ वाचायला डोळ्याने १ कलेचा बारकावा ओळखावा लागतो. म्हणजे एवढ्या जवळून हा पडदा निरोगी डोळ्याची परीक्षा घेऊच शकत नाही. पडद्याचीच नजर डोळ्यापेक्षा जाडी! मूल ३ मीटरवर बसवलं तर १ कला म्हणजे सुमारे तीन ठिपके होतात आणि मग फट असलेलं कडं दाखवून ‘फट कुठल्या बाजूला?’ असं विचारता येतं. अक्षरओळख नसलेल्या पहिलीच्या मुलालाही ते जमतं.

मर्यादा सांगितल्याच पाहिजेत

पहिली मर्यादा : ही डोळ्यांची तपासणी नव्हे. मूल ३ मीटरवरून कडं ओळखत नसेल, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत असेल, डोळे बारीक करत असेल, तर प्रयोग थांबवा आणि पालकांना बोलवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्या मुलाचं नाव आवर्जून पुढे करा, किंवा सरळ नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा. चष्मा आहे की नाही हे संगणक सांगणार नाही, शिक्षकही सांगणार नाही.

दुसरी : लुकलुकणारा पडदा मुलांना दाखवू नका. १/१६ सेकंद तपासायचा म्हणून काळं-पांढरं भराभर बदलावंसं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण अशा लुकलुकाटाने काही मुलांना झटके येऊ शकतात, आणि कुणाला येतील हे आधी माहीत नसतं. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या लुकलुकाटानंतर शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. एकदाच चमकून जाणारा शब्द पुरेसा आहे.

तिसरी : फळ्यावर नावासमोर गुण लिहू नका. नाव नको, क्रमांक द्या, पालकांना आधी सांगा आणि ज्याला बसायचं नाही त्याला बसवू नका. ही अक्कल मला एका आईने शाळेत येऊन शिकवली.

एवढं करून मिळतं काय?

काही सहकारी म्हणतील, “सर, बोर्डाच्या परीक्षेला यातलं काय विचारणार?” फार काही नाही. पण ‘मोजलं कुणी?’ असं विचारणाऱ्या मुलाला आपण काय उत्तर देतो, हे परीक्षेपेक्षा मोठं आहे.

आपल्याच देशातलं एक उदाहरण देतो. मूळचे दिल्लीचे, अमेरिकेतल्या एमआयटीत शिकवणारे पवन सिन्हा यांनी प्रोजेक्ट प्रकाश सुरू केला. जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर उशिरा का होईना शस्त्रक्रिया करायची आणि त्यांची नजर कशी घडत जाते ते अभ्यासायचं, असं दुहेरी काम. नुकती दृष्टी आलेलं मूल हाताने चाचपलेली वस्तू नुसती बघून ओळखेल का, हा तत्त्वज्ञांचा तीनशे वर्षांपूर्वीचा प्रश्न. त्याचं उत्तर २०११ मध्ये ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांच्या चाचणीतून आलं : लगेच ओळखत नाही, पण काही दिवसांतच शिकतं. त्याच प्रकल्पात असंही दिसलं की स्थिर चित्रात या मुलांना एका वस्तूचे अनेक तुकडे दिसतात, आणि चित्र हलायला लागलं की वस्तू सबंध कळते. चित्र किती हललं, किती वेळ दिसलं, याचं माप चुकलं असतं तर ही मुलं ‘शिकत नाहीत’ असाही शेरा कुणी मारला असता.

आपल्या वर्गात एवढं मोठं काही घडत नाही. पण आता चाचण्या पडद्यावर होऊ लागल्या आहेत. वाचनाचा वेग मोबाइलवर मोजला जातो, गुण ॲपमध्ये भरले जातात आणि पोरगं ‘मागे’ की ‘पुढे’ हे तिथून ठरतं. मोबाइल जुना होता का, पडद्यावर ऊन पडलं होतं का, अक्षर केवढं होतं, हे कुणी विचारत नाही. ड्युअल बूट केलेल्या संगणकावर दोन तास घालवलेलं मूल हे विचारायला शिकतं. त्याला कळतं की आकडा म्हणजे देवाचा शब्द नव्हे, तो कुठल्या तरी यंत्रातून आलेला असतो आणि यंत्र तपासता येतं.

विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. ११ न पेलणारे कितीतरी संगणक आता शाळांच्या कोपऱ्यात झाकून ठेवले जातील. ते निर्लेखित करायच्या यादीत टाकण्याआधी एकावर पेनड्राइव्ह लावून बघा. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्स वापरतात, आपल्याला जमणार नाही असं त्यात काही नाही.

पालकांना एकच विनंती. उद्या शाळेतून, ॲपमधून, कुठूनही तुमच्या मुलाबद्दल एखादा कमी आकडा आला, तर मुलाला बोलण्याआधी एक प्रश्न विचारा : हे कशावर मोजलं? त्या आईने तोच प्रश्न तिच्या शब्दांत विचारला होता. मला फक्त तो वेळेवर ऐकू आला, एवढंच.

ती मुलगी आता संगणकाची मॉनिटर आहे. प्रयोगाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी येते, रिकामा प्रयोग चालवते, आकडे बघते आणि मग मला सांगते, “सर, यंत्र पास झालं. आता पोरांना बसवा.”

तुमच्या शाळेत कुणी हे करून पाहिलं तर कुठे अडलात ते नक्की कळवा.